उलटं चालणारा माणूस

पपा,

वाटाण्याचं सूप गरम करून घे. काल तू म्हणालास, "आता मला चौघांच्या खांद्यावरूनच खाली न्या," आणि माझं डोकं फिरलं. ओरडले, चुकलंच.

क्युबेक शहराची तटबंदी, मोठं चर्च, नदीकाठची गच्ची, सगळं मी पर्यटकांना दाखवते, सनावळ्या तू शिकवलेल्याच. पण तुझ्यासारखं त्यांच्याकडे तोंड करून उलटं चालणं मला जमत नाही. "इमारती कुठं पळून जात नाहीत, चेहरे बघत बोलावं," म्हणायचास. तीस वर्षं तसाच चाललास. गेल्या वर्षी पायऱ्यांवरून पडलास तोही तसाच, कुणा आजीला हसवता हसवता. तेव्हापासून घराचा जिना उतरला नाहीस.

लोक मला विचारतात, हे तुला कुणी शिकवलं? आज दाखवणार आहे. अकरा वाजता चौदा जणांना घेऊन आपल्या दारात येते. फेरीतलं शेवटचं ठिकाण तेच. शेजारचा रेमाँ जिन्यावरून उतरायला हात देईल, त्याला शिव्या देऊ नकोस. खाली खुर्ची ठेवलीय, पाठ भिंतीला टेकेल अशी.

निळा स्वेटर घाल. दाढी कर.

तू नुसता बसून बोल. चेहरे मी आणते.

मायेल