चर्चला प्रदक्षिणा

आई, परवा बाबांना घेऊन एक जुनं चर्च बघायला गेले होते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे झालेत आणि मी टेक्सासमध्ये, प्लेनोला राहते. बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. नागपूरला ते एकटेच असतात, गुडघे धरतात, कधी गॅस चालूच राहतो. आता कायमचं इथेच राहाल का, हे त्यांना विचारायचं मी ते आल्यापासून ठरवते आहे. रोज ऑफिसातून दमून येते आणि उद्यावर ढकलते. पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान. म्हटलं, लांबच्या ड्राइव्हमध्ये विचारू. गाडीत मी ट्रॅफिकवर बोलले, पेट्रोलच्या भावावर बोलले, मग बाबा झोपले.

चर्च स्पॅनिश लोकांनी बांधलेलं, आणि गर्दी इतकी की आत जायला ठरल्या वेळेचं तिकीट लागतं. आम्ही लवकर पोचलो. दारावरच्या म्हाताऱ्या बाईनं हसून बाहेर थांबायला सांगितलं. सावली नावाला नाही. बाबांनी टोपी घेतली नव्हती. नागपूरकराला काय ऊन दाखवता, हे आल्यापासून ऐकवतायत, पण खिशात लू लागू नये म्हणून कांदा असतोच. तो कांदा कशासाठी हे मी तिथल्या गार्डला समजावत बसले, आणि वळून बघते तर बाबा नाहीत. दाराशी त्यांचे बूट तेवढे नीट जोडून ठेवलेले.

बाबा नुसत्या मोज्यांवर, हात जोडून चर्चला प्रदक्षिणा घालत होते. देवळाचं दार बंद असलं की घालतात तशी. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. एवढी एक होऊ दे म्हणाले, आणि एकीच्या तीन झाल्या. पुढच्या बाजूला येतो तो आमच्या वेळेची मंडळी आत गेलेली. "बाबा, आपला स्लॉट मिस झाला," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. त्या बाईलाच दया आली. पुढच्या लोकांबरोबर सोडते म्हणाली. बाबांनी वर क्रुसाकडे बघून नमस्कार केला. कळस दिसला, पोचलं, आता आत कशाला, तिला थँक्यू सांग, म्हणाले.

तू असतीस तर ऐकलं नसतंस. लहानपणी देवीच्या रांगेत मी तापानं फणफणले होते, तेव्हाही बाबा हेच म्हणत होते, कळसाला हात जोड आणि चल. इतक्या लांबून येऊन बाहेरून परत जायचं नाही, असं त्यांना सुनावून तू मला पदराखाली धरून उभी राहिलीस. मी तुझ्यावर गेले. घरी, ऑफिसात, जिथे तिथे उभीच असते, आणि फार थकले आहे गं.

बाबा कट्ट्यावर बसले. त्यांना वाकता येत नाही म्हणून मी खाली बसून बूट चढवू लागले, आणि मान खाली घालूनच विचारलं. इथेच राहाल का, ग्रीन कार्डचे पेपर्स फाइल करते.

ते म्हणाले, "सहा महिने बघतोय बेटा. तू धड बसून जेवताना दिसली नाहीस. मी आपला घरी जातो."

आपल्यात एकदा नको म्हटलेलं कुणी खरं धरत नाही. पाहुणा ताटावर हात आडवा धरायचा आणि तू बोटांच्या फटीतून तूप सोडायचीस. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचं असतं, हे मी तुझ्याच स्वयंपाकघरात शिकले. बाबाही तिथलेच. ते कट्ट्यावर बसून राहिले, माझ्याकडे बघत. मी दुसऱ्या बुटाची लेस बांधली आणि गाडी आणायला गेले.

हे तुला लिहिता येतं, कारण पत्र कुठे जायचं नाही. मी पुन्हा विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.