कोठीतल्या दोन पुरचुंड्या

मी, सौ. दैवशाला हरिओम सोळुंके, माहेरची दैवशाला रामकिसन ढवळे, वय चोवीस वर्षे, शिक्षण बी.ए., राहणार सोळुंके वस्ती, कुंभार पिंपळगाव शिवार, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे माझे मृत्युपत्र दिवसाउजेडी, ओसरीत बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. माझी प्रकृती उत्तम असून मन ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा कागदात लिहावेच लागते, पण मी ते जरा लांबवते, कारण त्याची गरज पडू शकते. मला दमा नाही. फिट येत नाही. मी उदास नाही, कोणावर रुसलेली नाही, जगण्याचा मला कंटाळा आलेला नाही. अक्षतासाठी स्वेटर विणायला घेतला आहे, त्याची एक बाही राहिली आहे. विहिरीच्या काठावर मी वाकत नाही आणि फवारणीच्या औषधांना हात लावत नाही.

या वयात मृत्युपत्र कशाला, असे ज्याला वाटेल त्याने शेवटपर्यंत वाचावे.

माझ्या नावावर जमीन नाही, घर नाही. मंगळसूत्र सासरचे आहे, ते सासरी राहील. जे माझे आहे तेवढ्याचीच व्यवस्था खाली लावते.

कलम १. माझी शिल्लक. ती आजच्या तारखेस अकरा हजार चारशे रुपये आहे. ती कशी जमली हे सांगते, म्हणजे कोणी ती चोरीची म्हणणार नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझी आई दुर्गाबाई दळणाचा डबा भरताना एक मूठ ज्वारी मागे काढायची आणि गाडग्यात टाकायची. वडिलांना ते माहीत होते, पण त्यांनी कधी त्या गाडग्यात डोकावून पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. "एका मुठीनं कुणाचं पोट उपाशी राहत न्हाई," आई म्हणायची, "पन एक रोजबी चुकवायचा न्हाई." जालन्याला मस्तगडात मावशीकडे राहून मी तीन वर्षे कॉलेज केले, ते त्या गाडग्याच्या जोरावर.

लग्नानंतर मीही मूठ काढू लागले. शिवाय गिरणीतून परत आलेली चिल्लर, दोन कोंबड्यांची अंडी. साठलेली ज्वारी अंगणवाडी सेविका बेबीनंदाताई बाजारात विकून द्यायच्या. मला कायद्याची पदवी घ्यायची होती. आमच्याकडे बायका कागदावर अंगठा देतात आणि त्यात काय लिहिले होते ते त्यांना घरी गेल्यावर कळते, किंवा कधीच कळत नाही. अंगठ्याच्या आधी कागद वाचून दाखवणारी एक बाई तालुक्याला असावी, एवढीच माझी इच्छा होती. लिहिताना 'होती' असे लिहिले गेले. ते 'आहे' असे वाचावे.

माझे पती माझी पेटी उघडून पाहतात, उशीचा अभ्रा काढून पाहतात. म्हणून मी हे पैसे जुन्या हिरव्या परकराच्या तुकड्यात बांधून मधल्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत, गव्हात कोपरापर्यंत हात घालून ठेवत असे. सासूबाई मालनबाई मला कोठीजवळ पाहिले की हटकायच्या. "त्या कोठीत हात घालू नको. त्या खोलीत बसू नको." मला ते दाण्यांवरचे लक्ष वाटले. दोन वर्षे मी त्यांच्याबद्दल मनात अढी धरली. त्याबद्दल पुढे लिहिते.

ही सर्व रक्कम अक्षताच्या शिक्षणासाठी आहे. अक्षता माझ्या पतीच्या पहिल्या पत्नीची मुलगी, वय नऊ. मी तिला जन्म दिलेला नाही. आई नसलेल्या मुलीला शिकलेली आई मिळावी, या विचाराने मी हे स्थळ स्वतः पसंत केले. माझ्या आईवडिलांना कोणी दोष देऊ नये.

कलम २. कोठीतली दुसरी पुरचुंडी. ती माझी नाही, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही, फक्त परत करू शकते.

गेल्या दिवाळीच्या आधी माझी पुरचुंडी आणखी खाली सरकवताना बोटांना दुसरी गाठ लागली. जांभळ्या लुगड्याच्या काठात बांधलेली. आत दहा-वीसच्या नोटा होत्या, आणि एक घडी घातलेली जाहिरात. महिलांसाठी शिवणकामाचा वर्ग, मस्तगड, सहा महिने. जाहिरातीच्या मागे पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावर आडवी, अशा जुड्या. लिहिता येत नसलेल्या बाईने पैसे टाकल्याचा एकेक दिवस असा मांडला होता. शेवटच्या जुडीत तीनच रेघा आहेत.

ती बाई म्हणजे चंद्रकलाबाई, अक्षताची आई. सहा वर्षांपूर्वी पौष महिन्यात त्या मधल्या खोलीत झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. गव्हाला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या विषारी गोळ्या कोठीत होत्या, थंडीमुळे दार लावलेले होते, गोळ्यांचा वास लागला, असे सर्वांनी ठरवले. त्यांची आई अंबडहून पोचली तेव्हा फक्त राख उरली होती.

ही पुरचुंडी अक्षताला द्यावी आणि ती कोणाची आहे ते तिला सांगावे. राहिलेल्या दोन रेघा कोणी ओढू नयेत. जुडी थांबली तशीच राहावी.

कलम ३. माझी पुस्तके गावातल्या मुलींना वाचायला द्यावीत. ती बेबीनंदाताईंच्या अंगणवाडीत ठेवावीत. पदवीचे प्रमाणपत्र आणि काळ्या झग्यातला फोटो आईकडे राहील. त्या फोटोला हार घालू नये. तो पास झाल्याचा फोटो आहे.

कलम ४. (हे कलम खोडले आहे. खोडाखोड माझी असून बाजूला माझी सही आहे. कारण शेवटी दिले आहे.)

कलम ५. विम्याचा कागद. दसऱ्यानंतर पती एका एजंटला घरी घेऊन आले आणि माझ्या नावाचा विमा काढायचा म्हणाले. मी कागद वाचायला घेतला तेव्हा दोघे हसले. "वाच, वाच, बिलकुल वाच," पती म्हणाले, "बीए बायको केली म्हंजी चहा दोनदा थंड होतो." मी सगळा वाचला आणि सही केली, कारण त्यात खोटे काही लिहिलेले नव्हते. वाचून सगळे कळते, असा माझा तेव्हा समज होता.

चंद्रकलाबाईंचाही असाच कागद होता, हे मला नंतर बेबीनंदाताईंकडून कळले. त्या गेल्यावर सहा महिन्यांनी अंगणात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरच्या तोंडावर पिवळ्या रंगात त्यांचे नाव घातलेले आहे. माझे पती रोज सकाळी त्या नावाला उदबत्ती ओवाळतात.

विम्याला वारस म्हणून लावलेले पतीचे नाव काढून अक्षताचे लावावे, तिच्या वतीने माझ्या आईने व्यवहार पाहावा, असा अर्ज मी स्पीड पोस्टाने पाठवला आहे. पावती सोबत जोडली आहे. हे पतींना अद्याप माहीत नाही.

कलम ६. माझ्या पतीस मी काहीही देत नाही. त्यांच्यावर आरोपही करत नाही. मला जे ठाऊक आहे तेवढेच लिहिते.

गेल्या गुरुवारी त्यांनी बाजारातून धान्यात ठेवायच्या गोळ्या आणल्या. गव्हाला सोंडे लागले, असे म्हणाले. आदल्या दिवशीच मी तो गहू पाखडला होता. त्यात एकही किडा नव्हता. गोळ्या लोक उन्हाळ्यात, धान्य भरताना ठेवतात, पौषात नाही. मग जेवताना, ताटातून मान वर न करता, ते म्हणाले, "संक्रांत झाली की आठ-पंधरा रोज मधल्या खोलीत झोपत जा. बाहेर थंडी लई हाय. दार बराबर लावून घेत जा." स्वतः वावरात राहणार, कारण लाईट रात्रीची आहे आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे. अक्षता माझ्याजवळ झोपते. तिच्याबद्दल म्हणाले, "पोरीला आईजवळ झोपू दे. तिला खोकला हाय."

अक्षताला खोकला नाही.

मी भोगीच्या दिवशी, म्हणजे उद्या, तिला घेऊन माहेरी जाते म्हणाले, तर उत्तर मिळाले की तू खुशाल जा, संक्रांतीला परत ये, पोरगी इथंच राहील. तिला सोडून मी गेले तर मला परत यावेच लागेल, हे त्यांना पक्के माहीत आहे. कायद्याने मी तिची कोणी नाही, हेही त्यांना माहीत असावे. तरी उद्या मला तिला घेऊनच निघायचे आहे, कसे ते अजून सुचलेले नाही.

कलम ७. माझ्या देहाबद्दल. मृत्यू कसाही झाला आणि लोक कितीही समजुतीने बोलत असले, तरी शवविच्छेदन झाल्याखेरीज मला जाळू नये. माझी आई येईपर्यंत थांबावे, तिला उशीर झाला तरी. मधल्या खोलीचे दार आतून लागले होते, असे कोणी म्हणाले तर त्याने आधी ते दार पाहून यावे. परवाच मी त्याची आतली कडी काढून बेबीनंदाताईंकडे ठेवली आहे. ते आतून लागतच नाही.

कलम ८. हे सर्व पार पाडण्याचा अधिकार बेबीनंदाताईंना देत आहे. दोन्ही पुरचुंड्या मी त्यांच्याकडे सोपवल्या आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या माहेराहून त्यांना फोन आला नाही, तर त्यांनी हा कागद घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जावे. ठाण्यात बसायला सांगितले तर बसून राहावे, पण कागद दिल्याची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा सासूबाई तुरीच्या शेंगांचे टोपले घेऊन ओसरीत आल्या. मी कागद झाकला.

"काय लिहू राह्यलीस?" त्यांनी विचारले.

ज्या बाईला कागद वाचून दाखवायची माझी इच्छा आहे ती समोर बसलेली असताना मी कागद झाकला, याची मला लाज वाटली. भीतीही वाटली, कारण त्या माझ्या पतींच्या आई आहेत. तरी मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्या शेंगा सोलत राहिल्या. चंद्रकलाबाईंच्या रेघांपाशी त्यांचे हात थांबले. खोकल्याच्या वाक्यापाशी त्यांनी टोपले बाजूला सारले.

"तवाबी पोरीला माझ्याजवळ आनून झोपवलं होतं त्यानं," त्या म्हणाल्या. "तवाबी खोकलाच सांगितल्ता."

त्यांनी अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिले. मग त्यांनी सांगितले, की त्या सकाळी त्यांनी कोठीतल्या गोळ्या बांधलेली फडकी स्वतः काढून उकिरड्यात पुरली, आणि तेव्हापासून त्या खोलीत बसलेली बाई त्यांना पाहवत नाही. चार दिवसांनी एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला गेला. त्यात काय लिहिले होते ते त्यांना आजवर माहीत नाही. दोन वर्षे ज्याला मी दाण्यांवरचे लक्ष समजले ते काय होते, हे मला आज कळले. माझी अढी मी इथे मागे घेते.

"त्याचं नाव मी घेनार न्हाई, दैवशाला. मी आई हाय. पन अंगठा देते. कुठं द्यायचा?"

कलम चारमध्ये मी माझ्या दोन कोंबड्या सासूबाईंना दिल्या होत्या. साक्षीदाराला त्या कागदातून काही मिळू नये, असे मला सांगण्यात आले आहे, म्हणून ते कलम खोडले. त्यांना हे समजावले तेव्हा त्या म्हणाल्या, "कोंबड्या तुझ्या तूच सांभाळ. मला कशाला गुतवतीस?" आज दिवसभरात आम्ही तेवढ्यापुरत्याच हसलो.

बेबीनंदाताईंना बोलावून घेतले, त्याही शेंगा सोलायला बसल्या. शाई नव्हती. अक्षताच्या निळ्या स्केचपेनने मी त्यांचा अंगठा रंगवला. अंगठा उमटवून झाल्यावर तो पदराला पुसत त्या उठल्या आणि माझे पती अंगणात येताच त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "पोरीला खोकला हाय म्हनतो ना ह्यो. मंग उद्या सकाळच्या गाडीनं दवाखान्यात न्यावंच लागंन. मीबी येते संगं."

 स्वतःचाच शब्द पतींना मागे घेता आला नाही. हे लिहीत असताना ते मधल्या खोलीच्या उंबऱ्यात उभे आहेत आणि दाराची कडी जिथे होती त्या जागेकडे पाहत आहेत.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे बदलण्याची वेळ मला म्हातारपणी यावी.

ठिकाण : सोळुंके वस्ती, कुंभार पिंपळगाव शिवार, ता. घनसावंगी, जि. जालना
दिनांक : १२ जानेवारी २०२६, सोमवार

लिहून देणार : दैवशाला हरिओम सोळुंके (सही)

साक्षीदार १ : बेबीनंदा राजानंद साळवे, अंगणवाडी सेविका (सही). आमच्या तिघींच्या सह्या व अंगठा एकमेकींच्या समोर, तुरीच्या शेंगा सोलण्याच्या निमित्ताने बसून झाले.

साक्षीदार २ : मालनबाई साहेबराव सोळुंके, वय अंदाजे पासष्ट, डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. सदर अंगठा संपूर्ण कागद वाचून दाखवल्यानंतर घेतला आहे. याआधी आपल्याला असा कोणी कागद वाचून दाखवला नव्हता, असे त्यांनी सांगितले, व ते त्यांच्या सांगण्यावरून येथे लिहिले.