बारशाआधी घेतलेलं नाव

४ डिसेंबर
पोचले बाई एकदाची! आचऱ्याहून सावंतवाडी, तिथून जावयाच्या गाडीने घाटाखालच्या या गावात. वळणांनी पोटात ढवळलं, पण नातू बघितला आणि सगळं विसरले. तीन दिवसांचा, मुठी आवळून निजलेला. मी चौथी शिकलेली, तरी सारिकाने ही वही दिली. म्हणाली, आये, हेच्यात लिही गो, नायतर दिवसभर माझा डोक्या खाशीत. लेक माझीच, जीभ पण माझीच!

५ डिसेंबर
घरापुढच्या खळ्यातल्या फणसावर नवलच बघितलं. खार, पण मांजरापेक्षा मोठी! तांबूस अंग, कानांच्या टोकाला केस, केरसुणीएवढी शेपूट. आमच्या किनाऱ्याला माड नि कावळे, हे कुठलं दिसायला. शेजारचे भिकाजी म्हणाले, वयनी, ता शेकरू. जमनीर सहसा पाय ठेवणा नाय. चार-पाच घरटी बांधता नि रवता एकात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या मुंबयवाल्यांसारखाच!

७ डिसेंबर
बाळाच्या आत्याने नाव ठरवलंय. बारशाला बाळाच्या कानात सांगेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, ही रीत. पण माझ्या पोटात राहीना. दुपारी फणसाखाली भांडी घासताना शेकरूलाच सांगितलं: कौस्तुभ. माणसाला तर नाही ना सांगितलं! मान वाकडी करून ऐकलंन. सारिका चिडली, आये, तुज्या जिभेक हाड नाय. मी हसले. जनावराला कसलं नाव!

१२ डिसेंबर
बारसं झालं. पुरणपोळ्या छान झाल्या. आत्याने पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, नाव घेतलं. बाळ हललं नाही. फणसावरून शेकरू ओरडलं, हाकेला ओ द्यावी तसं. बायका हसल्या. मी नाही.

१४ डिसेंबर
कौस्तुभ म्हटलं की बाळ डोळे उघडत नाही. दूध ओढत नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वजन तेवढं घटलंय. झाडावरचं मात्र खाली उतरतं. एका हाकेला एक फांदी.

१५ डिसेंबर
भिकाजींना सगळं सांगितलं. त्यांनी विडी विझवली. म्हणाले, वयनी, काय केलास ह्या. नाव पयला ज्येच्या कानात, घर त्येचा.
घरात सगळ्यांना शपथ घातली. कोणी नाव घ्यायचं नाही.

१६ डिसेंबर
आज ते जमिनीवर. तुळशीपाशी. आमच्याकडे बघत.
बाळ दिवसभर रडलं नाही. बाळाचं रडणं खळ्यातून आलं.

१७ डिसेंबर
दुपार. जावई विसरला — लाडाने हाक मारलीन, पुऱ्या नावाने — ओसरीवर नखं वाजली —
दार लावलं. सारिका खळ्यात, कपडे काढायला गेलेली. तोंड उघडायची भीती वाटते, म्हणून लिहिते. बाळाला दुसरं नाव द्यायचं. आत्ताच. माझ्या सासऱ्यांचं. कानात सांगते —
पाळण्यात वाकले. दुपट्याखाली हात घातला. कान सापडला. मऊ आहे. टोकाला केस —
सारिका खळ्यातून विचारते, आये गो, फणसार कोणाचा पोर रडत —