दक्षिणेचं दार

ता. ६ डिसेंबर १९५४
मोठ्या वर्गात प्रयोग चालू असताना स्पिरिटचा दिवा कलंडला. टेबलावरचं कापड पेटलं. मी कोट टाकून विझवलं, कोट गेला. तेवढ्यावर भागलं असतं. पण पोरं सगळी उत्तरेच्या एकाच दाराकडे धावली, कारण समोरचं दक्षिणेचं दार कायम कुलपात. आठवीतली कमल चेंगरली, मनगट मोडलं. बैलगाडीतून रावेरला नेली. वाटभर रडली नाही पोर.
ते दार उघडा म्हणून इथे हेडमास्तर झाल्यापासून घसा कोरडा करतोय.

ता. ८
कमलच्या घरी गेलो, शिव्या खायच्या तयारीनेच. तिच्या बापाने चहा पाजला. म्हणतो, "सर, हात मोडला त मोडला, जीव त वाचला ना. थे दार बंद व्हतं म्हनूनच वाचला."
चहा पिऊन आलो.

ता. ११
शाळा समितीची सभा, अध्यक्ष नानांच्या केळीच्या बागेत. दक्षिण यमाची, तिकडे दार नको, हे पालुपद पुन्हा ऐकलं. इमारत नानांनी बांधून दिली. उद्घाटनाच्या वर्षीच त्यांचा थोरला गेला. तो त्या दाराने आत आला होता म्हणे. तेव्हापासून कुलूप. नाना तर चिणूनच टाकणार होते, माझ्या आधीच्या हेडमास्तरांनी हातापाया पडून थांबवलं.
मी म्हटलं, आज मनगट आहे, उद्या मान असेल. बाकीचे सभासद नानांच्या तोंडाकडे बघत बसले. ठराव काय, तर शाळेत प्रयोग बंद. दार तसंच. पोरांच्या सुरक्षिततेसाठी!
आणि हे लिहून घ्यायचं कुणी? चिटणीस म्हणून मीच. मला मत नाही, नुसतं अक्षर आहे.

ता. १४
शिक्षकांच्या खोलीत गेलो की बोलणं थांबतं. गणिताचे जोशी चांगले, पण तेही आज बाहेर गाठून म्हणाले, "सर, कशाला वाकड्यात शिरता? आपल्याला इथेच राहायचंय."
खानावळीत जेवलो. भाजी खारट. बायको, सुमती, जाऊन दोन वर्षं झाली. असल्या दिवशी घरी येऊन कुणावर तरी चिडायला हवं असतं. ती ऐकून घ्यायची, मग म्हणायची, झालं? आता हात धुवा. फार एकटं वाटतं.

ता. १९
न राहवून नानांकडे गेलो. ओट्यावर एकटेच बसले होते. भांडायचं ठरवून गेलो आणि भलतंच बोललो. म्हटलं, "नाना, धुळ्याला आमच्या घराला एकच दार, तेही उत्तरेला. सुमतीला त्याच दाराने नेलं."
नाना उठून आत गेले, किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. "मी त्या बाजूला फिरकणार नाही. आणि काही झालं तर तुमचं तुम्ही बघा."
मी किल्ली खिशात टाकली. त्यांच्या थोरल्याबद्दल दोन शब्द बोलायला हवे होते.

ता. २१
कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडलं. वर्गात पहिल्यांदा दोन्हीकडून वारं आलं. पोरांना सांगितलं, उद्या सलग घंटा झाली की आग लागली असं समजायचं, उत्तरेकडचे बाक उत्तरेने, दक्षिणेकडचे दक्षिणेने. "हो सर," सगळे एका सुरात. बरं वाटलं.

ता. २२
पोरांनी आल्या आल्या दक्षिणेकडचे बाक आपणहून उत्तरेला सरकवून घेतले. मी ओरडलो, कुणी जागचं हललं नाही.
घंटा झाली. मी उघड्या दारात उभा. इकडे एकही आलं नाही. उत्तरेच्या दाराशी त्या दिवसापेक्षाही जास्त रेटारेटी.
कमल आजच आलेली, हात गळ्यात बांधलेला. गर्दीत शिरायला घाबरली, मागेच थांबली. मी म्हटलं, "ये इकडून, मी आहे."
"सर, तिकून नाही. मायनं आन घातली हाये."
रागावलो नाही. पुन्हा म्हटलं, ये. हात पुढे केला. वर्ग रिकामा झाला तरी ती मधेच उभी.
खरी आग असती तर आत आम्ही दोघंच उरलो असतो.