तिरडी मीच बांधली

आई, तुझी नात याच देशात राहणार आहे. काल कागद आला. जावईबापूंनी तो मला तीनदा वाचून दाखवला, आणि तिसऱ्यांदा मी म्हटलं, आता जरा मोठ्यानं वाचा, शेजाऱ्यांनाही कळू दे. मला अक्षर येत नाही हे तुला काय सांगायचं. मी बोलतेय आणि जावईबापू लिहितायत. मध्येच "आई, जरा हळू" म्हणतात. सत्तर वर्षांत मला कुणी हळू केलं नाही, हे कुठून करणार!

झालं असं. माझी मुलगी इथं ऑस्ट्रेलियात, डार्विन शहराच्या इस्पितळात नर्स आहे. लांबच्या एका वस्तीतलं बाळंतपणाचं केंद्र सरकार बंद करायला निघालं, म्हणजे दिवस भरलेल्या बाईनं कळा सोसत दिवसभर गाडीत बसायचं. म्हणून तिथल्या बायका आणि या नर्स मंत्र्याच्या ऑफिससमोर उभ्या राहणार होत्या, हातात पुठ्ठे घेऊन. मी म्हटलं, पुठ्ठ्याला कोण घाबरतं? तिरडी काढा त्याची. मागच्या अंगणातला बांबू तोडला, जुनी चादर घेतली, आत उशा कोंबून मंत्री केला. मडकं मिळेना म्हणून झाडांच्या दुकानातली कुंडी आणली. तिला भोक आयतंच होतं. पुढं कुंडी धरून मुलगी, मागं सगळ्या बायका, आणि मी त्यांना ऊर बडवायला शिकवतेय. एक गोरी नर्स तर इतकं मन लावून रडली की शेवटी मीच तिला पाणी पाजलं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. मंत्र्याच्या माणसांना वाटलं, ही जिवे मारायची धमकी. पोलीस येऊन विचारपूस करून गेले, गुन्हा काही लागला नाही. पण मुलगी इथली नागरिक नाही, पीआर आहे, म्हणजे कायम राहायची परवानगी. ती कायमची परवानगीसुद्धा काढून घेता येते, हे आम्हाला पत्र आलं तेव्हा कळलं. तुमच्या वागण्यानं समाजात तेढ माजेल, तुमचा व्हिसा रद्द का करू नये ते अठ्ठावीस दिवसांत सांगा. रद्द म्हणजे नोकरी गेली, घर गेलं, आणि तिची इथंच वाढलेली पोर शाळेतून उठून विमानात. ती पोर मला विचारते, "आजी, आर वी इन ट्रबल?" मी म्हटलं, "येस." माझं इंग्रजी तेवढ्याला पुरतं.

वकीलबाई दिल्लीकडची, हुशार. म्हणाली, इथल्या घटनेत बोलण्याचा हक्क असा सरळ लिहिलेला नाही. राजकारणावर बोलायची मोकळीक कोर्टांनी त्यातून शोधून काढलीय, तिच्या आधारानं लढू. मी म्हटलं, लिहिलं नाही म्हणून नाहीच म्हणायचं, तर मग मीही नाही. माझं कुठं काय लिहिलेलं आहे? हसली. मग तिनं विचारलं, ही कल्पना कुणाची? मुलगी पटकन म्हणाली, "माझी." वकीलबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आंटीजी, आप बीच में मत आइए. आपका भी वीजा है."

आणि आई, मी एकदम तुझ्याबरोबर दुष्काळी कामावर. खडीचा ढीग, डोक्यावर ऊन, मुकादम पाण्याचं पिंप आणत नाही म्हणून तुम्ही बायका त्याची तिरडी बांधताय. मी सुतळी ओढून देतेय. फौजदार येतो, विचारतो, "कुणी बांधली?" मी मान खाली घालते. तू धाकट्याला काखेत धरून पुढं होतेस. "म्या बांधली. सोडून दाखवा, गाठ पक्की हाय." पाणी दुसऱ्या दिवशी आलं. पण त्या संध्याकाळी तू माझा कान पिळलास. "सुतळी तुझ्या हातात होती न्हवं? मग तोंड कुणी शिवलं हुतं?"

मी वकीलबाईला म्हटलं, लिहा. तिरडी मी बांधली, कल्पना माझी, धाडायचंच तर आधी मला धाडा. मुलगी ओरडली, "आई, तू गप्प बस गं!" बोलल्याबद्दल हिला देशाबाहेर काढायला निघालेत, आणि ही मला गप्प बसवते! मी सांगितलं, आमच्याकडं जित्या माणसाची तिरडी काढतात ती त्याला लाज वाटावी म्हणून, तो मरावा म्हणून नव्हे. उलट मरणाची खोटी वार्ता उठली तर माणसाचं आयुष्य वाढतं. आमचा तो मुकादम माझ्या लग्नात बुंदी खाऊन गेला, आणि वारला तेव्हा नव्वदीचा होता. मंत्र्यानं तर माझे आभार मानायला हवेत. दुभाष्यानं सगळं इंग्रजीत केलं, वकीलबाईनं गावाकडच्या मोर्च्यांचे फोटो आणि नर्सांची पत्रं जोडली. अंगठा द्यायला गेलो, तर साक्षीला बसलेल्या अधिकाऱ्यानं जन्मात कुणाचा अंगठा घेतलेला नाही. शेवटी त्याच्याच शिक्क्याची निळी शाई लावली. "नो वरीज, मेट," म्हणाला. मेट म्हणजे दोस्त. या वयात मी कुणाची तरी मेट झाले.

आणि काल उत्तर आलं. ही निषेधाची रीत आहे, धमकी नाही, व्हिसा राहील. केंद्र बंद करायचंही पुढं ढकललंय. आज अर्धं इस्पितळ आमच्या घरी जेवून गेलं. ती गोरी नर्स विचारत होती, पुढची तिरडी कधी? मी म्हटलं, मंत्री बदलू दे.

हे तुला पाठवू कुठं? पत्ता असता तरी पाठवलं नसतं. जावईबापू, आता जे सांगते ते लिहा, पण मुलीला दाखवू नका. ते पहिलं पत्र आलं तेव्हा मुलगी रडत म्हणाली, "आई, आपल्याला परत धाडतील गं." मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, काही होत नाही म्हटलं. आणि आई, तिला माझं तोंड दिसत नव्हतं तेवढ्यात, एक क्षणभर, मला बरं वाटलं. मनात आलं, चला, सुटलो, घरी जाऊ.