आमेनपर्यंत

सोम., १० नोव्हें.
पप्पांना काल दवाखान्यातून पिंप्राळ्याला घरी आणलं. उजव्या बाजूत थोडी ताकद आलीय, पण बोलणं गेलं ते गेलंच. पाणी हवं तरी ‘अं’, नको तरी ‘अं’. सुहास सकाळीच धुळ्याला कामावर गेला. आता घरात मी, आमची रूथ आणि हे सासरे. डॉक्टरांनी बजावलंय, अर्धांगाचा दुसरा झटका येऊ शकतो, काही बदल दिसला की लगेच आणा. बोलतच नाहीत, त्यांच्यातला बदल ओळखू कसा?

मंगळ., ११
चहाच्या वेळी पप्पांनी माझा हात धरला, डोळे मिटले आणि रोजची प्रार्थना म्हटली. अख्खी! “दयाळू बापा, रात्र राखलीस, दिवसही राख...” मग नावं. सुहास, माझी नणंद मेरी, रूथ, शेवटी मी, वैशाली. आमेन. मी रडतच बसले. लगेच पाणी विचारलं, तर परत ‘अं’.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं कधी कधी शाबूत राहतं.
लग्न होऊन आले तेव्हा याच प्रार्थनेचा केवढा कंटाळा. चहावर साय धरायची. बोदवडला माहेरी हात जोडले, अगरबत्ती लावली की कामाला लागा. इथे आधी सगळ्यांची हजेरी! मी आपली शेवटी आमेन म्हणणारी.

गुरु., १३
पप्पा देवाशी बोलतात आणि मी चुका शोधते. शब्द अडकला का? नाव गळलं का? आज ‘मेरी’च्या पुढे थांबले. खोकला आला होता नुसता.
रूथ म्हणते, “मम्मी, तू डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतेस.” प्रार्थना कुठे करतेय मी.
बोदवडहून आईचा फोन. “काहाले भेतं वं पोरी? तू तुह्या देवाले सांग, मी माह्या देवाले सांगते.”
सांगायला यायला तर हवं. पप्पांसारखी वाक्यं मला कुठून...

शनि., १५
चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. ऐसपैस प्रार्थना केली. पप्पांनी डोळेच मिटले नाहीत. पाळकसाहेब चपला घालत होते तोवर इकडे पप्पांनी आपली स्वतःची म्हणून घेतली. हसूच आलं. कितीतरी दिवसांनी.
दारात पाळकसाहेबांना विचारलं, एवढी भीती वाटत असताना प्रार्थना करायची कशी?
“भीत भीतच करायची, वहिनी. भीती गेल्यावर प्रार्थना कोणाला आठवते?”

सोम., १७
“दयाळू बापा...” पुढे काही नाही. पुन्हा “दयाळू बापा”. मग नुसतं “बापा”. एकही नाव नाही. तोंड वाकडं.
शेजारच्या अक्कांनी रिक्षा आणली, रूथला ठेवून घेतलं. रिक्षात पप्पांचं डोकं माझ्या खांद्यावर. सुहासला फोन लावला आणि रडूच फुटलं. रिक्षावाला म्हणत होता, “ताई, रडू नका, पोचलोच.”
भरती केलंय. सुहास संध्याकाळी पोचला. डोक्याचा फोटो काढलाय, रिपोर्ट उद्या.

मंगळ., १८. वॉर्डात
चहा आला. पप्पांनी डावा हात पुढे केला. मी धरला. ओठ हललेच नाहीत. वाट पाहिली. डोळे मिटून तसेच पडून होते.
मग मीच. पप्पांची वाक्यं आठवेनात, माहेरचंच तोंडात आलं. “देवबापा, मले काही येत नाही. पप्पाले राख. सुहासले राख, मेरीताईले, रूथले. आमेन.” बाजूच्या खाटेवरची बाई बघत होती. बघू दे.
एरवी आमेन झालं की पप्पा हात सोडतात. आज सोडेनात. दुखतंय का विचारलं. ‘अं’ सुद्धा नाही. डोळे उघडून नुसते माझ्याकडे बघत राहिले.
माझं नाव राहिलं होतं.
ते कायम पप्पांनीच घेतलेलं. स्वतःचं कसं घेतात? लाज वाटली. घेतलं. “वैशालीले बी राख. ती लय भेली हाये.” पुन्हा आमेन म्हटलं.
सिस्टर म्हणाल्या, त्यावर जाऊ नका, या आजारात कधी कधी मूठ आवळलेली राहते. असेल. सुहास रिपोर्ट आणायला खाली गेलाय, अजून आला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की दाराकडे बघते.
पप्पांनी हात सोडलेला नाही. हे डाव्या हातानं लिहितेय.