मामांचा नवाकोरा बिल्ला

हर्सूल

आदरणीय सांडूमामा, जयभीम.

तुम्ही तीस वर्षं जमिनीखाली कोळसा फोडला, ती खाण बघून आलो. तिथं आता लहानसं संग्रहालय झालंय. खाणीत उतरताना प्रत्येक कामगार आपल्या नंबराचा पितळी बिल्ला सोबत न्यायचा म्हणं. भिंतीवरचे सगळे बिल्ले झिजून गुळगुळीत झालेत. तुमचा दोनशे बारा नंबर मात्र नवाकोरा चकाकतोय. गाईड हसला. मी म्हणलो, "मामा रोज घासायचे."

मग तो मला खाली न्यायला निघाला. खाणीच्या तोंडाशीच मी भिऊन माघारी फिरलो. बायकोला सांगितलंय, खाली लई अंधार होता.

हे पत्र टाकत नाय, फाडून टाकतोय. बायकोच्या हाती लागलं तर आपलं दोघांचंही अवघड.

तुमच्यावरच गेलेला भाचा,
सम्यक